केसपेपर कोण वाचणार?

अत्याचाराच्या खटल्यात पहिला कागद पोलीस ठाण्यात तयार होतो आणि दुसरा दवाखान्यात. पहिल्यावर आपली चळवळ लक्ष ठेवते. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी मोर्चे निघतात. दुसरा मात्र बहुधा न वाचताच फायलीत जातो. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिली शवचिकित्सा इतकी अपुरी होती की पुरलेले मृतदेह उकरून ती पुन्हा करावी लागली. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार न्यायालयात सिद्ध झाला नाही. वैद्यकीय कागद वेळीच वाचणारे माणूस आपल्या बाजूला असणे किती निकडीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हे काम परिचारिका करू शकते. अमेरिकेत तो स्वतंत्र व्यवसाय आहे. अशा परिचारिकांची संघटना तेथे १९८९ साली स्थापन झाली. त्याच वर्षी आपल्याकडे अॅट्रॉसिटीचा कायदा झाला. वकील कलमे जाणतो, पण नाडी-रक्तदाबाचा तक्ता आणि औषधांच्या नोंदी त्याला सहसा उलगडत नाहीत. परिचारिका त्या नोंदी वेळेनुसार लावते, जखमांचे वर्णन आणि फिर्याद यांतील विसंगती दाखवते, कोणता कागद गहाळ आहे ते सांगते आणि उलटतपासणीचे प्रश्न सुचवते.

आपल्याकडे असे पद नाही. पण कायद्याची आडकाठीही नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ३९ विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीचे मत ग्राह्य धरते. ती व्यक्ती डॉक्टरच असावी असे त्यात म्हटलेले नाही. ते मत किती मोलाचे, हे न्यायालय ठरवते. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात.

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्याच्या एखाद्या मुलीने ही वाट धरायची म्हटली, तर आधी काही वर्षे वॉर्डात काम करावे. त्या अनुभवावाचून कागद बोलत नाहीत. बी.एस्सी. नर्सिंगनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते; अनुसूचित जातींसाठी पदवीला किमान ४० टक्के गुण लागतात. जी.एन.एम. ही पदविका असल्याने तिला आधी पदवी घ्यावी लागेल. कायद्याचे महाविद्यालय नांदेडला आहे. सल्ल्यासाठी सनद लागत नाही. न्यायालयात बाजू मांडायची तर लागते, आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला ती मिळत नाही. सरकारी परिचारिकेने परवानगीवाचून खासगी सल्ल्याचा मोबदला घेऊ नये. आज या कामात ठरलेला पगार नाही, हेही मुलींना स्पष्ट सांगितले पाहिजे.

रक्त-पू पुसण्याचे काम विटाळाचे मानणाऱ्या समाजात ते हलके ठरले. त्या कामातून आलेले ज्ञान मात्र न्यायासाठी लागणारे आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी निदान एवढी शिस्त पाळावी : आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी दवाखान्याचे कागद मिळवावेत आणि वकिलासोबत एका जाणत्या परिचारिकेलाही दाखवावेत. तिच्या वेळेचा मोबदला द्यावा. व्यवसाय उभा राहील तो अशाच मागणीतून.