सदाफुलीचे दोन रुग्ण

माझ्या भाचीला सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला. त्या दिवसांत तिच्या केमोथेरपीच्या कागदांवर एक नाव पुन्हा पुन्हा दिसायचे : व्हिन्क्रिस्टिन. नऊ वर्षांनी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी राहणाऱ्या राणी या कुत्रीला अंगावरून रक्त जाऊ लागले, म्हणून आम्ही दोघी तिला पशुवैद्याकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी वाचून भाची म्हणाली, "मावशी, हे तर माझं औषध!" एकच औषध दोघींना कसे, या कुतूहलातून मी वाचत गेले.

हे औषध येते सदाफुलीतून. आपल्या दारात बाराही महिने फुलणारे हे झुडूप मूळचे मादागास्करचे. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची रीत अनेक देशांत होती. म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी जमैकाहून आलेली पाने तपासली. साखर उतरली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्या धाग्यावरून त्यांनी आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८मध्ये व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. पाठोपाठ त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले आणि १९६३मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांना ओढणारे सूक्ष्म धागे हे औषध विणूच देत नाही. ते धागे माणसात आणि कुत्र्यात सारखेच असतात. (म्हणून कुणी सदाफुलीची पाने चघळू नयेत, झाड विषारी आहे आणि औषधाची मात्रा काटेकोर मोजूनच द्यावी लागते.)

राणीचा आजार मात्र विलक्षण. या कर्करोगात गाठीतल्या जिवंत पेशीच समागमातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून दुसऱ्या कुत्र्यात रुजतात. रशियन पशुवैद्य म्स्तिस्लाव नोविन्स्की यांनी १८७६मध्ये अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींचा हा वंश आज जगभर पसरला आहे. आपल्या भटक्या कुत्र्यांतही तो आढळतो. माणसाला हा आजार होत नाही. आठवड्याला एक, अशा साधारण चार-सहा सुयांनी बहुतेक कुत्री बरी होतात.

इथे माणसाचे औषध कुत्र्याला मिळाले. उलटा प्रवासही घडतो. प्रयोगशाळेतल्या उंदराला बहुधा कर्करोग मुद्दाम दिलेला असतो. कुत्र्याला तो आपल्यासारखा आपोआप, उतारवयात, आपल्याच घरातली हवा घेत असताना होतो. कुत्र्याचे आयुष्य लहान असल्याने उपचाराचा परिणामही लवकर कळतो. हे ओळखून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३मध्ये तुलनात्मक कर्करोगशास्त्राचा कार्यक्रम सुरू केला. मोठ्या जातींच्या कुत्र्यांना होणारा हाडाचा कर्करोग किशोरवयीन मुलांच्या कर्करोगाशी फार मिळताजुळता आहे. त्यावरचे मिफामुर्टाइड हे औषध आधी आजारी कुत्र्यांवर उपयोगी दिसले आणि २००९मध्ये युरोपात माणसांसाठी मान्य झाले. त्याच वर्षी अमेरिकेत टोसेरॅनिब मान्य झाले. कुत्र्यांच्या कर्करोगासाठी खास मान्यता मिळालेले ते तिथले पहिले औषध. त्याचे सुनिटिनिब या माणसांच्या औषधाशी जवळचे नाते आहे.

मात्र ही आशा सावधपणेच बाळगावी लागते. कुत्र्यात गुण आला म्हणजे माणसात येईलच असे नाही. मिफामुर्टाइडला अमेरिकेने परवानगी दिली नाही. शिवाय कुत्रे संमती देऊ शकत नाही. म्हणून ज्या चाचणीत त्या जनावराचेही हित आहे, तीच मला न्याय्य वाटते. पशुवैद्य मात्रा बेताने ठेवतात, कारण जितके आयुष्य उरले आहे ते सुखाचे जावे हा त्यांचा पहिला हेतू असतो.

पहिल्या सुईच्या वेळी भाचीने राणीचा पाय धरला होता. सुई शिरेबाहेर गेली तर हे औषध कातडी जाळते, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. तिने एकच विचारले, "हिचे केस गळतील का?"

"कुत्र्यांचे बहुधा गळत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि हात तसाच घट्ट धरून राहिली.