मोटारीची मुकी किल्ली

पूर्वीं घरधन्याच्या जानव्यास किल्ली बांधलेली असे, आणि ती बिघडली तर गांवचा लोहार कानशीनें घासून तेव्हांच नीट करून देई. आज गृहस्थाच्या खिशांत मोटारीची जी किल्ली असते ती लोखंडाची कमी आणि विजेची अधिक. बटण दाबतांच दहावीस पावलांवरून दार उघडतें. पण एखाद्या दिवशीं ती मुकी होते, आणि चांगला सुशिक्षित मनुष्यही हातपाय गाळून बसतो. वस्तुतः तसें करण्याचें कांहीं कारण नाहीं, हें सांगावें म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमचें नवापूर म्हणजे महाराष्ट्राचें अगदीं टोंक. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील येथील स्थानकाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं गुजरातेंत आहे, हें कौतुक वाचकांनीं ऐकलेंच असेल. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राजमार्ग येथून जातो, त्यामुळें मोटारी पुष्कळ. परंतु कंपनीच्या अधिकृत कारखान्यासाठीं बहुधा नंदुरबार, धुळें किंवा सुरत गांठावी लागते. शिवाय खानदेशच्या इतर भागांपेक्षां येथें पाऊस अधिक, आणि ओल्या खिशांत राहिलेली किल्ली आषाढ-श्रावणांत हटकून रुसते. नव्या किल्लीस कांहीं हजार रुपये पडतात. दोष मात्र पुष्कळदां शंभर रुपयांच्या आंतबाहेर मिळणाऱ्या एका सेलाचा असतो.

या किल्लीची रचना समजली कीं भीति जाते. तिच्या पोटांत मुख्यतः चार वस्तु असतात : तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल, बटणांखालील बारीक स्विच, सर्किटची पाटी, आणि या सेलावर अवलंबून नसलेली एक चिप. बटण दाबलें म्हणजे पाटीवरून रेडिओलहरी निघतात. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत त्यांची कंपनसंख्या सेकंदास सुमारें ४३ कोटि ३९ लक्ष असते. त्या लहरींवरील संकेत दर वेळीं बदलतो, म्हणून चोरानें तो एकदां टिपून ठेवला तरी दुसऱ्यांदा निरुपयोगी ठरतो. दक्षिण आफ्रिकेंत १९८० नंतरच्या दशकांत निघालेली ‘कीलॉक’ ही यांतील प्रसिद्ध पद्धति. तिच्यांत, गाडीपासून दूर असतां बटण सोळा वेळांपर्यंत दाबलें गेलें तर गाडी चालवून घेते; नातवंडांनीं खेळतां खेळतां त्याहून अधिक वेळां दाबलें, तर गाडीजवळ जाऊन लागोपाठ दोनदां दाबल्यावर पुनः ओळख पटते. चिपचें काम निराळें. इंजिन सुरू होऊं द्यावें कीं नाहीं, हें गाडी तिच्यावरून ठरविते. आणि तिला लागणारी शक्ति गाडीकडूनच मिळते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं निदान करावें. न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक येथें उत्तम कामास येतो. घरांतील दुसरी किल्ली आणावी. तिनें दार उघडलें तर दोष पहिल्या किल्लींत; दोन्हींनीं उघडलें नाहीं तर गाडीच्या बॅटरीकडे पाहावें, किल्ली उगाच फोडूं नये. एकच बटण चालत नसेल तर सेलास बोल लावूं नये, दोष त्या स्विचचा समजावा. सर्व बटणें जवळून चालतात पण दूरून नाहींत, तर सेल क्षीण झाला. किल्ली पडल्यानंतर बंद झाली, तर पाटीवरील एखादा जोड सुटल्याचा संभव.

आतां कृति. टेबलावर पांढरा पंचा अंथरावा, म्हणजे बारीक भाग हरवत नाहीं. कवचास खांच असते. तींत नाणें घालून हळूच पीळ द्यावा. सुरी वापरूं नये; तिनें पाटीही चिरते व हातही. सेलाची अधिकची खूण कोणत्या बाजूस आहे हें पाहून मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. सेलावरील आंकडा वाचावा : सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर, २०२५ ची जाडी २.५. दोन्ही दिसावयास सारखे, पण एकाच्या जागीं दुसरा घालूं नये. मल्टिमीटरवर नवा सेल तीन व्होल्टांहून किंचित् अधिक दाखवितो.

सेल बदलूनही किल्ली मुकीच राहिली, तर सेलास टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या पाहाव्या. गंज असेल तर पेन्सिलीच्या खोडरबरानें घासावा. पट्टी दबली असेल तर चिमट्यानें किंचित् उचलावी. कित्येक किल्ल्यांत रबरी बटणांखालीं कार्बनचे काळे ठिपके असतात. ते व त्यांखालची पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसाच्या काडीनें हलकेच पुसून वाळवावी. भिजलेल्या किल्लींतून प्रथम सेल काढावा, मग ती उघडी करून दिवसभर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावी. तांदळाच्या डब्यांत पुरल्यानें आंत भुकटी मात्र शिरते. स्विचचा डाख तडकला असेल तर भिंगांतून बारीक रेघ दिसते. तें काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिरास सांगावें.

कवच फुटलें म्हणून बाजारांतून नवें आणल्यास एक खबरदारी घ्यावी. कित्येक किल्ल्यांत ती चिप पाटीवर नसून कवचाच्या खोबणींत लहानशा काळ्या तुकड्याप्रमाणें बसविलेली असते. ती जुन्या कवचाबरोबर केरांत गेली, तर दार उघडतें पण गाडी सुरू होत नाहीं, आणि मग कारखान्याची वाट धरावी लागते.

दुरुस्ती होईपर्यंत अडून राहण्याचें कारण नाहीं. बटणानें सुरू होणाऱ्या गाड्यांच्या किल्लींतही बहुधा धातूची एक लहान किल्ली लपविलेली असते. तिनें दार उघडावें, आणि मोठी किल्ली सुरू करण्याच्या बटणास टेकवून गाडी चालू करून पाहावी. कांहीं गाड्यांत टेकविण्याची जागा निराळी असते. ती गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेली असते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा चकचकीत सेल लहान मुलांस गोळीसारखा वाटतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेंत अडकला, तर ओलाव्यामुळें वीज वाहूं लागून तेथें दाहक क्षार निर्माण होतो, आणि दोन तासांच्या आंत भयंकर जखम होऊं शकते. संपलेला सेलही निरुपद्रवी नव्हे. नुसता संशय आला तरी ओकारी काढण्याच्या खटपटींत वेळ न दवडितां मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. जुना सेल काढतांच त्याच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून तो उंच जागीं ठेवावा व पुढें विजेच्या टाकाऊ वस्तु घेणाऱ्याकडे द्यावा; केरांत किंवा चुलींत टाकूं नये.

आमच्या मतें हें काम घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींकडून वडील मंडळींनीं समक्ष बसून करवून घ्यावें. पुस्तकांत वाचलेली वीज त्यांना हातांत धरून पाहावयास मिळेल, आणि ऐन पावसांत आजारी माणसास घेऊन बाहेर पडण्याची वेळ आली, तर किल्ली मुकी झाली म्हणून तें घर दारांतच अडून राहणार नाहीं.