गिधाडे का मेली आणि त्याचा आपल्या वस्तीशी काय संबंध?



वस्तीत कुत्रा चावला की दोन गोष्टी आम्हाला नेहमी दिसतात. जखमेवर चुना, हळद किंवा तिखट भरलेले असते आणि दवाखान्यात यायला दोन-तीन दिवस उशीर झालेला असतो. "ताई, एवढे कुत्रे आले कुठून?" हा प्रश्नही घरोघरी विचारला जातो. उघड्यावर पडलेला कचरा हे त्याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ते गिधाडांशी आणि आपल्या घरातही असणाऱ्या एका औषधाशी जोडलेले आहे.

घरटी मोजणारा शास्त्रज्ञ

डॉ. विभू प्रकाश हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत काम केलेले पक्षीशास्त्रज्ञ. शिकारी पक्ष्यांचा अभ्यास हे त्यांचे काम. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली गेली होती. १९९६-९७ मध्ये त्यांनी तिथेच पुन्हा मोजणी केली, तेव्हा १५० घरटी उरली होती. झाडांवर गिधाडे मान खाली टाकून बसलेली दिसत आणि काही दिवसांत मरून पडत. पुढच्या काही वर्षांत तिथली घरटी संपलीच.

हा प्रकार एका उद्यानापुरता आहे की देशभर, हे पाहण्यासाठी ते आणि त्यांचे सहकारी पूर्वीच्याच रस्त्यांवरून पुन्हा पुन्हा मोजत फिरले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरले. लांब चोचीची गिधाडे सुमारे ९७ टक्के घटली.

दोषी कोण निघाला?

आधी कीटकनाशकांवर संशय गेला, मग एखाद्या विषाणूवर. उत्तर सापडले पाकिस्तानात. अमेरिकेचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली मेलेली गिधाडे तपासली. बहुतेकांच्या काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. हा थर युरिक ॲसिडचा. किडनी बंद पडली की ते शरीराबाहेर जात नाही आणि अवयवांवर साचते.

रोगजंतू सापडेनात, शिसे किंवा कीटकनाशकही जबाबदार दिसेना. तेव्हा त्यांनी साधा विचार केला. गिधाडे मेलेली ढोरे खातात, तर मग त्या ढोरांना मरण्याआधी कोणते औषध दिले जाते? नाव निघाले डायक्लोफेनॅक. अंगदुखीवर आपणही घेतो तेच. थर साचलेल्या २५ गिधाडांच्या किडनीत हे औषध तपासले, तर २५ही जणांत सापडले. थर नसलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नव्हते. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले.

एका ढोरावर गिधाडांचा अख्खा थवा जेवतो. त्यामुळे शंभरातल्या एकाहून कमी मेलेल्या ढोरांत जरी जीवघेण्या प्रमाणात औषध असले, तरी सगळी जात संपायला तेवढे पुरते, असे शास्त्रज्ञांच्या गणिताने दाखवले.

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती करण्यात आली. डॉ. विभू प्रकाश यांनी हरियाणातल्या पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभारून वाढवले. तिथली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भात, पेंच आणि ताडोबात आणली गेली.

गिधाडे गेली, किंमत कोणी मोजली?

गिधाडांचा थवा मेलेले ढोर तासाभरात साफ करीत असे. ती गेल्यावर मांस गावाच्या कडेला सडू लागले, नाल्या-विहिरींच्या पाण्यात उतरू लागले. त्यावर कुत्रे पोसले गेले आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका वाढला. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या दोन अर्थतज्ज्ञांनी ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती तिथल्या मृत्यूंचा हिशेब केला. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची दगावली, असा त्यांचा अंदाज आहे.

ही माणसे कोण असतील? ज्यांची वस्ती गावाच्या कडेला, नाल्याकाठी, कचराडेपोजवळ. ज्यांची मुले पायी शाळेत जातात. ज्यांच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र नाही. औषध विकून नफा कमावणारे वेगळे आणि त्याचे परिणाम भोगणारे वेगळे.

मेलेली ढोरे हा विषय आपल्याला नवा नाही. ती ओढण्याचे काम आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात बांधलेले होते. बाबासाहेबांनी ते सोडायला लावले. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नागपुरातल्या भाषणात त्यांनी हा विषय काढला होता. हे काम सोडल्याने उत्पन्न बुडते असे सांगणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर स्वाभिमानाचे होते. ते काम आपण सोडले ते योग्यच. म्हणून मेलेल्या जनावराची विल्हेवाट ही महापालिकेची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, कोणा एका जातीची नाही. वस्तीजवळ जनावर मरून पडले तर झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. चार घरांच्या सह्या असल्या तर अधिक चांगले.

कुत्रा चावला तर

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. यानेच बरेचसे विषाणू निघून जातात.

२. चुना, हळद, तिखट, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शने हा जुना काळ गेला, आता ती दंडात देतात. सरकारी दवाखान्यात साधारणपणे पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८व्या दिवशी पुढचे डोस असतात. एकही चुकवू नका.

४. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागते. ते आपण होऊन विचारा.

५. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ही लस घेता येते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

तीच गोळी आपल्या घरात

माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही. ठरलेल्या प्रमाणात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतले तर डायक्लोफेनॅक उपयोगी औषध आहे. पण आपल्या वस्तीत ते कसे घेतले जाते? मे महिन्यात दिवसभर बिगारी काम, पाणी कमी, घाम जास्त आणि संध्याकाळी मेडिकलमधून मागून आणलेली "अंगदुखीची गोळी". रोज, महिनोन्‌महिने. शरीरात पाणी कमी असताना हीच गोळी किडनीवर जास्त भार टाकते. मधुमेह, बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, वृद्धांनी आणि गरोदर बायकांनी ती मनाने घेऊच नये. लघवी कमी होणे, पायावर किंवा तोंडावर सूज येणे ही लक्षणे दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

घरी शेळी, गाय असेल तर माणसांचे इंजेक्शन तिला टोचू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांसाठी सुरक्षित ठरले आहे. औषध चालू असताना त्या जनावराचे दूध-मांस डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरू नका.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही बुद्धाची शिकवण आहे. गिधाडे मरू लागली तेव्हा देवाचा कोप म्हणून गप्प न बसता काही माणसांनी मोजले, तपासले, कारण शोधले आणि सरकारला ते औषध बंद करायला लावले. बावीस प्रतिज्ञांत आपण सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. त्या दयेत गिधाडही येते, आणि गिधाड जगले तर आपली मुलेही अधिक सुरक्षित राहतात.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे काढून कुत्रा चावल्यावर काय करायचे हे सर्वांना वाचून दाखवा. एवढे जरी प्रत्येक विहारात झाले तरी एखादे लेकरू वाचेल.

नमो बुद्धाय! जयभीम!