मोड आणि दागिना

जुना दागिना सोनाराकडे नेला की तो ‘मोड’ होतो. शब्दच पाहा! सोनार कस बघतो, वजन करतो, घट धरतो; पुतळ्यांवरची रामसीता हिशेबात येतच नाही. छांदोग्य उपनिषदाच्या 6 व्या अध्यायातला दृष्टांत तुम्हाला आठवत असेल. सोनं जाणलं की सोन्याचं सगळं जाणलं, बाकी नुसती नावं. थोडक्यात, सोनार हा पक्का वेदान्ती!

मग पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी-रविवारी, काय सापडतं? बहुतेक जे आटवून फारसं काही मिळालं नसतं, ते. गिलिटाची नथ, पितळी तोडे, काचेचे मणी, क्वचित चांदीचे वाळे. स्वस्त होतं म्हणून वाचलं. भारी घडणीचं किती सोनं मुशीत गेलं असेल! आपल्या आज्या-पणज्या रोज काय घालत, हे शोधायचं तर मी तिथेच जा म्हणेन.

घेताना मात्र झीज वाचायला शिका. अंगाला, लुगड्याला घासणारी बाजू गुळगुळीत होते. कडीत कडी अडकते तिथे तार बारीक होते. खोबणीत मळ राहतो. सगळीकडे सारखाच काळेपणा दिसला, तर तो मुद्दाम आणलेला असण्याचा संशय घ्या. विकणारा शपथेवर शंभर वर्षं सांगेल. ऐकून घ्यावं, भाव करावा. आणि घरी आणून पावडरीने लख्ख घासू नका. कुणीतरी तो रोज घालत होतं, एवढी एकच खूण त्यावर असते.