महासागरापूर्वीची बेगमी

कोकणात आगोटीच्या दिवसांत घरोघरी चार महिन्यांची बेगमी चालते. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण; एकदा पाऊस लागला की बाजार दूर होतो. अशीच एक बेगमी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील कॅनरी बेटांवर चालते. ग्रान कनारिया बेटावरील लास पाल्मास शहराच्या मंडईत त्या सुमारास एखादे जोडपे आणि त्यांची दोन मुले दहा डझन अंडी, कोबीचे गड्डे आणि बटाट्यांची पोती मोजून घेताना दिसतात. ही मंडळी खाणावळवाली नव्हेत. बंदरात त्यांची बारा मीटर लांबीची शिडाची नौका नांगरलेली आहे, तेच त्यांचे घर. पुढचा बाजार आहे सुमारे २,७०० सागरी मैलांवर, म्हणजे ५,००० किलोमीटरवर, अटलांटिकच्या पलीकडे कॅरिबियन बेटांवर!

बेगमीसाठी नेमके हेच गाव का? याचे उत्तर वाऱ्यात आहे. सुमारे ३० अंश अक्षांशाजवळ खाली उतरणारी हवा विषुववृत्ताकडे वाहू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि आपल्याला ईशान्येकडून येताना जाणवते. हेच ईशान्य व्यापारी वारे. लास पाल्मास २८ अंश उत्तरेला, म्हणजे या वाऱ्यांच्या दाराशीच आहे. शिवाय कॅनरी प्रवाहही नैर्ऋत्येकडेच वाहतो. कोलंबसाला हे अनुभवाने ठाऊक असावे. १४९२ साली त्याने 'पिंटा' जहाजाचे सुकाणू ग्रान कनारियावर दुरुस्त करून घेतले, शेजारच्या ला गोमेरा बेटावर पाणी आणि शिधा भरला आणि ६ सप्टेंबरला प्रस्थान ठेवले. १२ ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली. आजच्या नौका मात्र नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबतात, कारण तोवर पलीकडे चक्रीवादळांचा हंगाम असतो. १९८६ पासून तर दरवर्षी नोव्हेंबरात लास पाल्मासहून छोट्या नौकांचा मोठा ताफा एकत्र निघतो.

यातली मेख आता लक्षात घ्या. जो वारा पुढे नेतो, तोच परत येऊ देत नाही. आठवड्याभराने "पाणी कमी भरले" असे ध्यानात आले, तर वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या तोंडावर लास पाल्मासला परतणे जवळजवळ अशक्यच. म्हणून सगळे गणित धक्क्यावरच करावे लागते.

आपणही ते करून पाहू. नौकेचा सरासरी वेग ताशी साडेपाच सागरी मैल धरला, तर दिवसाला १३२ मैल होतात आणि २,७०० मैलांना सुमारे २१ दिवस लागतात. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ३ लिटर पाणी धरू. चौघांना रोज १२ लिटर, २१ दिवसांना २५२ लिटर. अनुभवी कुटुंबे यात निम्मी भर घालतात, म्हणजे ३७८ लिटर.

ही भर कशासाठी? समजा, दहाव्या दिवशी, अर्ध्या वाटेवर, डोलकाठी मोडली. उरलेल्या तुकड्यावर फाटके शीड बांधून नौका ताशी जेमतेम २ मैल सरकते आहे. राहिलेल्या १,३५० मैलांना २८ दिवस लागतील. भर घातली असेल, तर टाकीत २५८ लिटर उरतात आणि माणशी रोज २.३ लिटर मिळतात. भर नसेल, तर १३२ लिटर उरतात आणि वाट्याला येतात १.२ लिटरहूनही कमी. उष्ण कटिबंधाच्या उन्हात अठ्ठावीस दिवस! मुले सोबत असणाऱ्या आईबापांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

भोवती एवढे पाणी आहे, ते का प्यायचे नाही? समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे मात्र लिटरभर मूत्रातून फार तर २० ग्रॅमच्या आसपास क्षार बाहेर टाकू शकतात. म्हणजे एक लिटर समुद्राचे पाणी प्यायल्यास ते क्षार घालवायला पावणेदोन लिटर पाणी खर्ची पडते. तहान भागण्याऐवजी वाढते. १९५२ साली आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टराने रबरी होडीतून एकट्याने लास पाल्मास सोडले आणि पिळलेल्या माशांचा रस, पावसाचे पाणी व थोडेथोडे समुद्राचे पाणी यांवर ६५ दिवस काढून तो बार्बाडोसला पोहोचला. पोहोचला खरा, पण त्याचे वजन २५ किलो घटले होते. पुढे हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टराने स्वतः चिमुकल्या होड्यांतून अटलांटिक ओलांडला आणि समुद्राचे पाणी पिण्याच्या त्याच्या सल्ल्याला ठाम विरोध केला.

हल्ली पुष्कळ नौकांवर उलट्या परासरणाने गोडे पाणी करणारे यंत्र असते. पण समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरणांहून अधिक. त्याच्या दुप्पट दाब द्यायला वीज लागते आणि यंत्र बिघडतेही. ते नाहीच असे समजून टाकी भरणारे कुटुंब मला शहाणे वाटते.

आता वजन. पाणी, धान्य, डबे, इंधन मिळून ८०० किलो भरले असे समजू. पाण्याच्या पातळीवर नौकेचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर असेल, तर ती १ सेंटिमीटर बुडताना ०.२ घनमीटर, म्हणजे २०५ किलो समुद्राचे पाणी बाजूला सारते. यावरून ८०० किलोंनी ती सुमारे ४ सेंटिमीटर खाली जाईल. "आर्किमिडीजचा उपयोग काय?" असे विचारणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, त्यांना हेच उदाहरण देतो. जड वस्तू तळाशी आणि मध्यभागी ठेवाव्या लागतात, कारण टोकांना वजन असेल तर नौकेचे नाक लाटेवर वेळेवर उचलले जात नाही. पाणी तर दोन वेगळ्या टाक्यांत भरलेले बरे. एक गळली तरी दुसरी राहते.

भाजीपाल्याची व्यवस्था आजीच्या कोठीघरासारखीच असते. अंडी न धुतलेली आणि शीतकपाटात न ठेवलेली घ्यायची, म्हणजे ती टिकतात. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून द्यायची, त्यांत झुरळांची अंडी असतात. कॅनरीची केळी प्रसिद्ध, म्हणून अख्खा घड मागे टांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण पिकू लागलेले केळे एथिलीन वायू सोडते, त्याने शेजारचे पिकते आणि चार दिवसांत सगळा घड एकदम पिवळा होतो. मग न्याहारीला केळी, जेवायला केळी आणि रात्रीही केळीच!

टाक्या मात्र अगदी निघताना भरतात. धक्क्यावरच्या नळाला रबरी नळी लावली जाते आणि धाकटा पोर काट्याकडे पाहत आकडे मोठ्याने सांगतो. लास पाल्मासच्या नळाचे बरेचसे पाणी समुद्राचे क्षार काढूनच केलेले असते.