दोन चित्रे आणि एक अनाम शस्त्रवैद्य

हॉलंडमधील हेग येथील संग्रहालयात रेम्ब्रांटचे १६३२ सालचे एक जगप्रसिद्ध चित्र आहे. अॅम्स्टरडॅमचे डॉक्टर तुल्प हे फाशी गेलेल्या एका चोराच्या हाताचे स्नायू उलगडून दाखवीत आहेत व सात जण भोवती उभे आहेत. त्या सर्वांची नावे पुढे चित्रातीलच एका कागदावर लिहिली गेली.

कला व वैद्यक यांची अशीच भेट घडविणारे एक चित्र आपल्या पुण्याशीही निगडित आहे. म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी सैन्याकडे कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या होता. तो टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने, १७९३ साली, पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्याला नवे नाक करून दिले.

ही कृती मोठी कौतुकास्पद होती. प्रथम नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ पत्रा करावयाचा. तो कपाळावर पसरून त्याभोवती रेघ आखावयाची. तेवढी त्वचा सोडवून, भुवयांमधील एक चिंचोळी पट्टी मात्र राखून, ती खाली वळवून बसवावयाची. त्या पट्टीतून रक्त वाहते, म्हणून त्वचा जिवंत राहते. वर काताचा लेप. सुमारे २५ दिवसांनी, त्वचा जुळली की, पट्टी कापावयाची.

जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह प्रसिद्ध झाली आणि १८१४ साली लंडनमध्ये कार्प्यू या शस्त्रवैद्याने ती कृती यशस्वीपणे करून दाखविली.

रोग्याचे नाव राहिले, चेहरा राहिला, पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांचीही नावे राहिली. परंतु ज्याच्या हातून ते नाक घडले, त्याचे नाव कोणीच टिपून ठेवले नाही, याची आम्हांस खंत वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शवच्छेदन शिकेल, कोणी येथेच चित्रकलेचे धडे गिरवील. आमचे सांगणे इतकेच की, जे शिकाल ते नीट लिहून वा रेखाटून ठेवा. आणि ज्याच्यापासून शिकाल, तो कितीही साधा मनुष्य असो, त्याचे नाव लिहावयास विसरू नका.