ग्लुटेन-फ्री पाकीट उलटून बघा

फेलोशिप तीन महिने अडकली की ग्लुटेन-फ्री ब्रेडच्या किमतीकडे बघवत नाही. त्यात डॉक्टरांनी लो-फॉडमॅपही सांगितलं असेल, तर ते पाकीट उलटून वाचाच. बेसन, मध, इन्युलिन यांपैकी काही दिसलं, तर ग्लुटेन नसूनही पोट फुगणार.

ग्लुटेन हे प्रथिन. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, पुढे जाऊन आंबणारी कर्बोदकं. गव्हात दोन्ही आहेत. त्यातलं फॉडमॅप म्हणजे फ्रुक्टान. मग पोळी सोडून बरं वाटलं, तर श्रेय कुणाला द्याल? मोनाश विद्यापीठातल्या (ऑस्ट्रेलिया) गटानं २०११ मध्ये मांडलं, की सिलिअ‍ॅक नसलेल्यांनाही ग्लुटेननं त्रास होतो. २०१३ मध्ये त्याच गटानं ३७ जणांचे फॉडमॅप आधी कमी केले, मग ग्लुटेन दिलं. ग्लुटेनचा वेगळा परिणाम दिसलाच नाही! आपलाच निष्कर्ष असा तपासायला धाडस लागतं.

स्वस्तातलं उत्तर घरातच आहे: भात, कांदा न घातलेले पोहे, ज्वारीची भाकरी. सिलिअ‍ॅक असेल तर मात्र गिरणीत गव्हामागून ज्वारी दळू नका. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाका. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, वास उतरतो. हिंगाची डबीही वाचा, बऱ्याच हिंगात मैदा असतो.

आणि सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू सोडायच्या आधी करा. नंतर ती खोटीच ‘निगेटिव्ह’ येऊ शकते.